एकाच्या नावामागं कै., दुसऱ्याच्या ख्रिस्तवासी: पोरीला काय सांगू?

पॅटर्नवाला
रविवार, रात्री ११:२०

नमस्कार. मी इथं आजवर वाचतच आलोय. लिहिलं ते एकदाच, जुन्या बँडसॉच्या चाकाबद्दल. आज लिहितोय कारण घरात विचारायला माणूस उरला नाही. ज्यांना विचारलं असतं तेच गेलेत.

आमचं उद्यमनगरात पॅटर्नचं दुकान. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा घेतात. तो नमुना आम्ही करतो. दुकान आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टाकलं. आम्ही ख्रिस्ती, माझी चौथी पिढी. बायको हिंदू, शिवाजी पेठेतली. लग्नाच्या वेळी दोन्हीकडनं जे व्हायचं ते सगळं झालं, आणि पोरगी झाल्यावर मिटलं. ते सांगत बसत नाही.

सांगायचं आहे ते दोन व्याह्यांचं. माझे सासरे, नाना, शिवाजी तरुण मंडळाचे. आण्णा पाटाकडीलचे. दोन्ही इथले फुटबॉलचे संघ. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना याचा अर्थ कळणार नाही, धर्म वेगळा असणं त्यामानानं सोपं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दोघं एका स्कूटरवरनं जायचे, आत गेल्यावर वेगवेगळ्या बाजूला बसायचे आणि परत एकाच स्कूटरवरनं यायचे. नियम ठरलेला: ज्याची टीम हरली त्यानं गाडी चालवायची. जिंकलेला मागं बसून फाटकापर्यंत बोलत यायचा.

नाना दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गेले. इकडं हिंदूंत तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं, पंचगंगेच्या घाटावर पेठेतली सगळी माणसं. नैवेद्य ठेवला. भात, तांबडा रस्सा, एक बिडी. कावळे वर झाडावर बसलेले, खाली एक येईना. मेव्हण्यानं सांगितलं, आईचं बघतो. नाही. मी म्हटलं, कर्जाचं मी बघतो. नाही. पाऊण तास गेला. मग आण्णा पुढं झाले. ते तिथं नुसते पावणे म्हणून उभे होते. टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "नाना, औंदा शिवाजी मंडळच चॅम्पियन. मी स्वतः पेढं वाटतो. जावा आता." कावळा आला. बायका रडता रडता हसल्या. माझी पोरगी तेव्हा सात वर्षांची होती, तिनं हे सगळं बघितलं.

आता आण्णा गेले, या जुलैत. पाऊस असा की राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलेलं, ४३ ची धोका पातळी गाठणार का यावर सगळ्यांचे मोबाईल. खड्डा खणला की पाणी भरायचं. दोघं बादल्यांनी उपसत होते, आम्ही पेटी धरून उभे. पाळकसाहेबांनी छत्रीखाली प्रार्थना केली: आपला हा बंधू निजला आहे, शेवटचा कर्णा वाजेल तेव्हा तो उठेल. बरं वाटलं ऐकून.

तीन दिवसांनी घरी प्रार्थनासभा. तेच पाळक. आता म्हणाले, आण्णा या घडीला प्रभूच्या सन्निध आहेत, आनंदात आहेत. रात्री पोरगी मला म्हणाली, "पप्पा, आज्जा झोपलाय का जागा हाय?"

मी म्हटलं, झोप आता तू.

मग मागच्या महिन्यात बायकोनं दोघांचे फोटो एकसारख्या फ्रेममध्ये करून हॉलमध्ये शेजारी लावले. फ्रेमवाल्यानं नानांच्या खाली 'कै.' घातलं, आण्णांच्या खाली आम्ही सांगितल्याप्रमाणं 'ख्रिस्तवासी'. पोरगी आता वाचते. कै. म्हणजे काय, विचारलं. कैलासवासी. आणि हे? ख्रिस्ताजवळ राहणारा. गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे दोघांचे पत्ते वेगळे काय? मग ते भेटणार कसे?"

तर माझे दोन प्रश्न. ख्रिस्ती विश्वासाप्रमाणं आण्णा आत्ता, आज रात्री, झोपलेत का जागे? आणि नानांचं काय? पोरीला खोटं सांगायचं नाही. 'देवाच्या घरी गेले' सांगून चालणार नाही, ती घर नंबर विचारते.

मिरजेची_मावशी
सोमवार, पहाटे ५:४०

बाळा, तुझ्या आण्णांबद्दल वाचून डोळे भरले आणि मग कावळ्याचं वाचून हसले. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.

मी मिरजेला मिशन हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नर्स होते. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली उघडलेलं हॉस्पिटल ते. आता रिटायर, पण अजून पहाटे चारला जाग येते, ड्यूटीची सवय. तुझ्या पहिल्या प्रश्नातलं शास्त्र कोणी जाणता सांगेल. मी फक्त एक सांगते. पोरीला 'आज्जा झोपलाय' असं सांगू नकोस.

लहान मुलांच्या वॉर्डात एक मुलगा होता, अपेंडिक्सचा, सहा-सात वर्षांचा. ऑपरेशनला नेताना त्याला सांगितलं, आता तू झोपणार. त्यानं जो आकांत मांडला! आई म्हणाली, याची आजी गेली तेव्हा आम्ही आजी झोपली असंच सांगितलं होतं. त्या मुलाच्या हिशेबानं झोपलेलं माणूस पुरायला नेतात. मोठ्यांसाठी तो शब्द गोड आहे. मुलं शब्द जसाच्या तसा धरतात.

प्रभूनंसुद्धा याईराची मुलगी झोपली आहे असं म्हटलं तर लोक हसले होते, आणि लाजराबद्दल 'झोपला आहे' म्हटल्यावर शिष्यांचा घोटाळा झाला, मग त्याला उघड सांगावं लागलं की लाजर मेला आहे. योहान ११ काढून बघ. शिष्य मोठे होते, तुझी पोरगी नऊ वर्षांची.

म्हणून आधी स्पष्ट सांग, आज्जा वारला. त्याचं शरीर आता काम करत नाही, त्याला थंडी वाजत नाही, पावसाचं पाणी लागत नाही. बादल्यांनी पाणी उपसताना तिनं बघितलंय ना? तिच्या डोक्यात तेच असणार, आज्जा भिजतोय म्हणून. विचारून बघ.

पॅटर्नवाला
सोमवार, दुपारी १:१५

मावशी, डबा खाताना वाचलं. दुकान बंद करून घरी गेलो आणि विचारलं. तुम्ही म्हणता तेच होतं. जुलैपासून पाऊस आला की ती खिडकीत का बसायची ते आज कळलं.

वचनाशी_प्रामाणिक
सोमवार, दुपारी ३:०५

बंधू, कडू वाटेल पण सांगतो. योहान १४:६ स्पष्ट आहे, प्रभूच्या द्वारेच पित्याकडे जाता येते. तुमच्या सासऱ्यांनी त्याला स्वीकारले होते का? नसेल तर मुलीला खोटी आशा देऊ नका. आणि कावळ्यापुढे हात जोडणे ही तडजोडच होती, मग वडील कितीही चांगले असोत.

पॅटर्नवाला
सोमवार, दुपारी ३:५०

हात कावळ्याला जोडले नव्हते, नानांना जोडले होते. आण्णा ४० वर्षं मंडळीत होते, खजिनदारकी केली, एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही. ते कुणाच्या दुःखात उभे राहिले तर त्याला तडजोड म्हणायचं असेल तर म्हणा. मी प्रश्न विचारलाय, फटके खायला आलेलो नाही.

निवृत्त_पाळक
सोमवार, रात्री ९:३०

जरा शांत होऊ या.

पॅटर्नवाले, त्या पाळकांवर रागावू नका. कबरेपाशी 'निजला आहे' आणि घरी 'प्रभूजवळ आहे' ही दोन्ही वाक्यं मी स्वतः शेकडो वेळा म्हटली आहेत. दोन्ही शास्त्रातली आहेत. आमची चूक इतकीच की दोन्हींमधला सांधा कधी सांगितला नाही. तुमच्या मुलीनं बरोबर तिथंच बोट ठेवलं.

प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना निजलेल्यांबद्दल लिहितो, कर्णा वाजेल वगैरे ते तिथलं. तोच पौल फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहितो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ जाऊन असावं अशी मला ओढ आहे. हजार वर्षं झोपायची ओढ कुणाला लागत नाही. आणि वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. 'आज' म्हणाला. आता यावरही वाद आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नसल्यातच जमा, म्हणून सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी 'मी तुला आज सांगतो' अशी फोड करतात. त्यांच्या मते मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत काहीच जाणत नाही. प्रोटेस्टंट सुधारकांपैकी ल्यूथरही झोपेच्या भाषेत पुष्कळ बोलला. कॅल्व्हिननं उलट १५३४ मध्ये, पंचविशीतच, आत्मा झोपतो या मताविरुद्ध एक आख्खा ग्रंथ लिहून काढला.

आपल्या कोल्हापुरात मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली आले, पुढं इथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. तेव्हा तुमच्या पणजोबांना जे शिकवलं गेलं असेल ते वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरीतलं, १६४७ साली तयार झालेल्या. तिच्यातला सदतिसावा प्रश्न तुमच्या पोरीचाच आहे. उत्तराचा मथितार्थ असा: विश्वासणाऱ्याचा आत्मा मरताक्षणी प्रभूजवळ जातो, आणि शरीर कबरेत विसावा घेतं, तेही ख्रिस्ताशी जोडलेलंच, पुनरुत्थानापर्यंत. म्हणजे आण्णा जागे आहेत, त्यांचं शरीर निजलं आहे. सिमेटरी या शब्दाचं मूळही ग्रीकमध्ये निजायची जागा असंच आहे.

पण एक लोक विसरतात. आपली आशा तिथं संपत नाही. आत्मा उडून गेला, सुटला, झालं, ही आपली शिकवण नव्हे. दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण 'शरीराचे पुनरुत्थान' म्हणतो. तोंडपाठ असल्यामुळं कुणी ऐकत नाही. आण्णा आत्ता जिथं आहेत तो मुक्काम आहे, घर अजून व्हायचं आहे. पौल दाणा पेरण्याचा दाखला देतो, १ करिंथ १५ मध्ये. जे पेरता ते रोप नसतं, नुसता दाणा असतो. तुम्ही शेतकरी नाही, तुम्हाला तुमच्या धंद्यातलं काही सुचेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी उद्या लिहितो. घाईनं लिहिण्यासारखा तो नाही.

तालमीचा_पोरगा
सोमवार, रात्री ११:५५

भावा, मी देव-बिव मानत नाही. पण हरला त्यानं गाडी चालवायची हा नियम कोल्हापुरात कायदा म्हणून लागू केला पाहिजे.

सिरियसली एक विचारतो. माझे वडील गेले तेव्हा मी पोराला सांगितलं, मेल्यावर काही नसतं. आजोबा आपल्या बोलण्यात आहेत, आठवणीत आहेत, बास. पोरगं ठीक आहे. त्यात काय वाईट? इतका ग्रीक-बिक काढायची गरज काय?

पॅटर्नवाला
मंगळवार, सकाळी ७:१०

वाईट काही नाही. तुला जे खरं वाटतं ते तू सांगितलंस. मला आण्णांना जे खरं वाटत होतं ते सांगायचंय. बोलण्यात उरणं त्यांना पुरलं नसतं. त्यांना गुडघे पाहिजे होते. चाळीस वर्षं रंध्यापुढं उभं राहून दोन्ही गुडघे गेलेले. ईस्टरला पहाटेच्या उपासनेवरनं येताना दरवर्षी म्हणायचे, "आता नवीन गुडघे मिळाले की पहिल्यांदा पन्हाळा चढणार."

आणि आज सकाळी नवीन प्रश्न आला. काल रात्री पाळकसाहेबांचं उत्तर मी तिला सोपं करून सांगितलं: आज्जा जागा आहे, देवाजवळ आहे, आणि एक दिवस त्याला नवीन शरीर मिळणार, न दुखणारं. मला वाटलं काम झालं. सकाळी शाळेची वेणी घालून घेताना आईला म्हणाली, "मग आज्जाचं बोट परत येणार?"

आण्णांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं होतं. मी शाळेत असताना बँडसॉत गेलं. ते अर्धं बोट म्हणजे त्यांची निशाणी, त्यानंच ते माप धरायचे, त्यानंच पोरीला गुदगुल्या करायचे. ती आईला म्हणते, "बोट परत आलं तर मी त्याला वळखणार कसा?" (आमच्या पोरी 'वळखणार कशी' म्हणत नाहीत, पुण्याच्यांनी समजून घ्या.)

बायको वेणी अर्धी सोडून माझ्याकडं बघत राहिली. मी चहा पीत होतो.

मिरजेची_मावशी
मंगळवार, सकाळी ८:२५

हा प्रश्न मला येतो!

प्रभू उठल्यावर त्याला जवळच्या कितीतरी जणांनी चेहऱ्यावरून चटकन ओळखलं नाही, हे तू तिला सांग. मरीया मग्दालीया समोर उभी राहून त्याला बागेचा माळी समजली. त्यानं 'मरीये' म्हणून हाक मारली तेव्हा ओळखलं. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं संध्याकाळपर्यंत त्याच्याबरोबर चालले आणि ओळखलं ते त्यानं भाकर मोडली तेव्हा, हाताच्या लकबीवरून म्हण. आणि थोमाला तर त्यानं हात पुढं करून दाखवले. खिळ्यांच्या खुणा होत्या! नवीन शरीर, बंद दारातून आत येणारं, भाजलेला मासा खाणारं, आणि तरी खुणा ठेवलेल्या. मला वॉर्डात फार आधार होता त्याचा. टाके घातलेली किती माणसं बघितली आयुष्यात.

बोटाचं काय होणार ते देवाला माहीत. पण ज्यानं स्वतःच्या खुणा ठेवल्या तो आज्जाची निशाणी पोरीला न विचारता पुसून टाकील असं मला वाटत नाही. आणि आज्जा तिला नावानं हाक मारीलच की.

वसईकर
मंगळवार, सकाळी १०:४०

आम्ही कॅथलिक, त्यामुळे थोडं वेगळं. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना आहे, शुद्धिस्थान आहे, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था. २ नोव्हेंबर जवळ आलाय. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव कबरस्थानात असतं, कबरी धुतलेल्या, फुलं, मेणबत्त्या. लहान मुलं कबरींमधून पळत असतात, कोणी रागवत नाही. मुलीला एकदा कोरड्या दिवशी तिथं न्या. तिच्या डोळ्यांपुढं अजून तो पाण्याचा खड्डाच असेल.

सासऱ्यांबद्दल: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्येच मांडलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. दहनाचाही बाऊ नको. १९६३ पासून आमच्यात त्यालाही परवानगी आहे. २०१६ मध्ये रोमनं एवढंच बजावलं की रक्षा पवित्र जागी ठेवावी, विखरू नये. तुमच्या नानांची रक्षा नदीत गेली म्हणून देवाला ते सापडणार नाहीत असं थोडंच आहे.

वचनाशी_प्रामाणिक
मंगळवार, सकाळी ११:३०

व्हॅटिकन म्हणजे वचन नव्हे. पण काल मी जे लिहिले ते वडिलांबद्दल नको होते. तेवढे मागे घेतो. बाकी मत कायम.

निवृत्त_पाळक
मंगळवार, रात्री १०:१५

योहान १४:६ मी मानतो, पूर्ण मानतो. पण त्या वचनात मार्ग कोण आहे ते सांगितलं आहे. त्या मार्गानं कोण कोण पोचलं याची यादी आपल्या हातात दिलेली नाही. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी प्रभूच्या उजवीकडं बसवलेली माणसं स्वतःच चकित होतात: प्रभो, आम्ही तुला कधी पाहिलं? आणि अब्राहाम सदोमासाठी देवाशी घासाघीस करताना म्हणतो, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही काय? मी दोन्ही टोकांची प्रवचनं ऐकली आहेत, 'सगळेच तरणार' आणि 'आमच्या पुस्तकात नाव नाही तो गेला'. दोन्हीकडं बोलणारा माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला असतो.

माझी आई बाप्तिस्मा न घेता गेली. मी पाळक होतो तेव्हा. मी तिला दरवर्षी विचारायचो, ती म्हणायची, पुढच्या वर्षी. ती आषाढीला उपास करायची आणि माझ्या चर्चमधल्या नाताळच्या करंज्याही तळायची. तिच्याबद्दल मला ठाम काही ठाऊक नाही. पण मी तिला ज्याच्या हाती सोपवलं त्याला मी ओळखतो. तुमच्या मुलीला इतकं सांगता येईल: नाना कुठं आहेत हे पप्पाला ठाऊक नाही, देवाला ठाऊक आहे, आणि देव आज्जापेक्षा कमी प्रेमळ नाही. आज्जानं नानांसाठी पाटाकडीलवर पाणी सोडलं होतं ना.

पत्त्यांचं म्हणाल तर कै. काय आणि ख्रिस्तवासी काय, ते आपण फ्रेमखाली लिहिलेले शब्द आहेत.

पॅटर्नवाला
पुढचा रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला. एक अर्जंट ऑर्डर होती, पंपाच्या केसिंगचं पॅटर्न, कोअर बॉक्ससकट.

पाळकसाहेब, तुमच्या आईचं वाचून मी उत्तर टाईप केलं आणि पुसलं. आभार मानतो.

तुम्ही धंद्यातलं काही सुचेल म्हणालात. शनिवारी पोरगी दुकानात आली होती. आण्णांच्या टेबलावर त्यांची कॉन्ट्रॅक्शन पट्टी अजून तशीच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीड गार होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढं मोठं करावं लागतं आणि त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा एक सेंटिमीटरनं लांब. दोन वर्षांपूर्वी पोरीनं ती पट्टी आणि शाळेची पट्टी शेजारी ठेवली आणि आण्णांना म्हणाली, तुझी पट्टी खोटी आहे. आण्णा म्हणाले, "खोटी न्हवं गं. ही पट्टी पुढचं बघून केलीया."

मी विसरलो होतो. तिनंच परवा आठवण काढली. मग मी तिला वरच्या फळीवरची आण्णांची जुनी पॅटर्न दाखवली, प्रत्येकावर पार्टी, नंबर, तारीख. लाकूड वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं, राहतो तो नुसता पोकळ आकार, त्यात ओततात. बीडाची वस्तू बाहेर येते ती लाकडाची नसते, पण बघणाऱ्याला कळतं कुठल्या पॅटर्नची आहे ते. आण्णांचा रंधा मारायचा हात असा की त्यांनी केलेलं फिलेट, म्हणजे आतल्या कोपऱ्याची गोलाई, मी बीडातसुद्धा ओळखतो. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की दाखला लंगडा आहे, कारण पॅटर्न परत फळीवर येतं आणि लाकूडच राहतं. पण ती ऐकत होती, म्हणून मी सांगत राहिलो. ती म्हणाली, "पॅटर्नला टवका गेला असला तर बीडात पण येतो काय?" येतो, म्हटलं. पुटी भरून बुजवला नाही तर येतो. "मग बुजवायचं नाही असं सांगायचं."

बोटाचा विषय तिथं संपला.

मावशी, हाक मारण्याचं तिला पटलं. आण्णा तिला तिच्या नावानं कधी हाक मारायचे नाहीत, 'ए बारक्या' म्हणायचे. ती म्हणे मी तेवढ्यावर ओळखतो.

वसईकर, आज चर्च सुटल्यावर गेलो होतो कबरस्थानात. कोरडं होतं, गवत कमरेइतकं. खुरपं घेऊन तास-दीड तास साफ केलं, बायकोही होती. नंतर भडंग खायला बसलो तर एक कावळा आला आणि चार हातांवर बसला. आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. मी काय बोलणार, आमच्यात असलं काही नसतं. पोरीनं चार चिरमुरे फेकले. त्यानं उचलले आणि गेला. मी त्याचा अर्थ लावला नाही, तिनं विचारला नाही.

नानांबद्दल मी पाळकसाहेब म्हणाले तसंच सांगितलं. मला ठाऊक नाही, देवाला ठाऊक आहे, आणि मला वाटतं आज्जानं तिथं गेल्या गेल्या पहिली चौकशी नानांची केली असेल. येताना गाडीवर मागं आईच्या मांडीवर बसून ती बराच वेळ गप्प होती. उमा टॉकीजच्या सिग्नलला म्हणाली, "भेटले असले तर गाडी कोण चालवत असंल?"

मी म्हटलं, बघू, सीझन सुरू होऊ दे. कोण हरतंय त्यावर.

मागनं बायको म्हणाली, नानांना चालवू देऊ नका म्हणावं. त्यांचं लायसन २०१४ लाच संपलंय.